क्लास बदलायचा तर अज्ञातवास हवाच

पाचव्या लेव्हलला पोहोचलेल्या लढवय्याचा खेळाडू एके दिवशी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सांगतो की याला आता तलवार पुरे झाली, जादू शिकायची आहे. जुन्या पद्धतीने डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या टेबलांवर हा प्रसंग कधी ना कधी येतो आणि डीएम बहुधा तीनपैकी एक उत्तर देऊन मोकळा होतो. एक म्हणतो, जुन्या नियमांत असले लाड नसतात. दुसरा म्हणतो, घे हवे ते, शेवटी खेळच आहे. तिसरा पुस्तक उघडतो, पात्राचे आकडे पाहतो आणि "तुझी बुद्धी सोळा, सतरा लागते" असे सांगून पुस्तक मिटतो. क्लास बदलण्याचा नियम मुळात कशासाठी केला होता, हे मात्र तिघेही विचारत नाहीत. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात जुन्या नियमांनी खेळ चालवणाऱ्या किंवा चालवू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. त्यातले सांगणे थोडक्यात असे: जुन्या नियमाने दारावर बसवलेला आकड्यांचा पहारेकरी उठवून लावा, पण दाराच्या आत जो अज्ञातवास आहे त्याला हात लावू नका.

आधी शब्दाचे पाहू. टेबलावर आपण सगळे "क्लास"च म्हणतो आणि तसेच म्हणावे. पण मनात त्याचा अर्थ लावताना "वर्ग" हा शब्द आला की घोटाळा होतो, कारण वर्ग म्हटले की एक तर शाळा आठवते, नाही तर श्रीमंत-गरीब. खेळातल्या क्लासला खरा जवळचा शब्द "पेशा" हा आहे. माणूस काय करतो, कशावर जगतो, कशासाठी ओळखला जातो, ते त्यात येते. पेशा घराण्यातून मिळू शकतो, पण तो शिकता येतो आणि सोडताही येतो. जातीचे तसे नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण जुन्या पुस्तकांनी पेशा आणि जन्म यांची काही ठिकाणी गाठ मारून ठेवली आहे आणि ती सोडवल्याशिवाय नियम नीट वापरता येत नाही.

पुस्तके काय सांगतात

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत आला. तेव्हा पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या नावाने लढणारा आणि बरे करणारा धर्मपुरुष. पेशा बदलणे शिफारस करण्याजोगे नाही असे म्हणूनही त्या पुस्तिकांनी बदलाची एक वाट ठेवली. ज्या पेशात जायचे त्याच्या मुख्य गुणात, कोणतीही फिरवाफिरव न करता, किमान १६ आकडा हवा. जादूगार आणि क्लेरिक यांना मात्र एकमेकांच्या पेशात जाता येत नाही. एल्फ या जमातीला वेगळी मुभा होती. तो एका मोहिमेत लढवय्या आणि पुढच्या मोहिमेत जादूगार होऊ शके, फक्त चालू खेळात मध्येच बदलू शकत नसे.

१९७८ च्या ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेयर्स हँडबुकने हा नियम घट्ट केला. बदल फक्त मानवांना. जुन्या पेशाच्या मुख्य गुणात किमान १५ आणि नव्या पेशाच्या मुख्य गुणात किमान १७. बदल झाला की जुने हिट पॉइंट तसेच राहतात, पण पात्र नव्या पेशात पहिल्या लेव्हलपासून सुरू होते. जुन्या पेशात पुढची प्रगती कायमची बंद. नवी लेव्हल जुन्या लेव्हलच्या वर जाईपर्यंत जुनी कौशल्ये वापरायची नाहीत. वापरली तर त्या मोहिमेचा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, हातचा गेला. नवी लेव्हल वर गेली की मग दोन्ही पेशे खुले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने चौकट तीच ठेवून शिक्षा सौम्य केली: ज्या चकमकीत जुने कौशल्य वापरले तिचा एक्सपी शून्य आणि पूर्ण मोहिमेचा निम्मा. या उलट १९८१ च्या बेसिक पुस्तकात बदलाची वाटच नव्हती. तिथे एल्फ हाच एक पेशा होता. आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळे कुंपण काढून टाकले: लेव्हल वाढली की ती कोणत्याही पेशात घ्या.

या सगळ्याकडे पाहिले की नियमाचे दोन भाग वेगळे दिसतात. एक दाराचा: बदल कुणाला करता येईल. दुसरा किंमतीचा: बदलताना काय सोसावे लागेल. यातला पहिला भाग टाकाऊ आहे. दुसरा इतका विचारपूर्वक रचलेला आहे की त्याला तोडीचा पर्याय सापडणे कठीण.

दार: द्रोण होऊ नका

दाराचा हिशेब फाशांनी करून पाहू. तीन फासे टाकून गुण ठरवायचे असतील तर एखाद्या गुणात १७ किंवा १८ पडण्याच्या शक्यता २१६ पैकी ४. १५ किंवा त्याहून जास्त पडण्याच्या २१६ पैकी २०. लढवय्याला जादूगार व्हायचे तर ताकदीत १५ आणि बुद्धीत १७, दोन्ही एकाच पात्रात जमायला हवे. गुणाकार केला की ५८३ पात्रांमागे साधारण एक असे उत्तर येते. १९७४ ची अट सैल होती, तरीही २१६ पैकी १०, म्हणजे बावीसात एखादा. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडने चार फासे टाकून सर्वांत लहान सोडण्यासारख्या उदार पद्धतीही दिल्या आणि त्यांनी शक्यता वाढते. पण शक्यता किती वाढली यापेक्षा ती ठरते कधी, हा खरा प्रश्न आहे. पात्र जन्माला येते त्या पहिल्या दहा मिनिटांतच सगळे ठरून जाते. पुढे वर्षभर खेळाडूने काय केले, पात्राने कुणाशी मैत्री केली, कोणत्या ग्रंथासाठी जीव धोक्यात घातला, याला त्या दारापाशी काडीचीही किंमत नाही.

एनसीआरमध्ये राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटायला हवा. गुरुग्रामचे नाव परंपरेने द्रोणाचार्यांशी जोडले जाते आणि मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर गुरु द्रोणाचार्य नावाचे स्थानकही आहे. त्याच द्रोणाच्या दारातून एकलव्य परत गेला. गुणात तो कमी नव्हता, उलट जास्तच होता. आड आला तो जन्म. जुन्या पुस्तकाने जन्म आणि गुण दोन्ही दारावर बसवले आहेत: मानव नसाल तर बदल नाही, आणि मानव असून फासे वाईट पडले असतील तरी नाही. फाशांनी ठरलेला आकडा हाही एक प्रकारे जन्मच. म्हणून दारासाठी वेगळी अट घाला: गुरू सापडला पाहिजे, त्याने मागितलेले काम पुरे केले पाहिजे, आणि त्यासाठी खेळातला वेळ नि पैसा खर्च झाला पाहिजे. नव्या पेशाच्या मुख्य गुणात ९ सारखी साधी किमान पातळी ठेवायला हरकत नाही, म्हणजे अगदीच विसंगत निवड होणार नाही. पण गुरू शोधण्याची अट ठेवून डीएमने स्वतः द्रोण व्हायचे नाही. प्रयत्नाला फळ येईल अशी वाट कुठे तरी असलीच पाहिजे.

किंमत: हिशेब काय म्हणतो

आता किंमतीचा भाग. तो पाहिल्यावर खेळाडूंची पहिली प्रतिक्रिया "हे तर नुकसानच नुकसान" अशी असते. दुसऱ्या आवृत्तीच्या तक्त्यांवर ती तपासून पाहू. लढवय्या पाचव्या लेव्हलला पोहोचतो तेव्हा त्याचा एक्सपी १६,००० असतो. तो जादूगार झाला आणि सहाव्या लेव्हलला, म्हणजे जुनी कौशल्ये मोकळी होण्याच्या उंबरठ्यावर, पोहोचला की नवा एक्सपी ४०,०००. एकूण ५६,०००. पेशा न बदललेला त्याचा जोडीदार ५६,००० वर कुठे असतो? सहाव्या लेव्हललाच, कारण सातवीला ६४,००० लागतात. म्हणजे बदललेल्या पात्राकडे लढवय्याची पाचवी आणि जादूगाराची सहावी, तर जोडीदाराकडे लढवय्याची सहावी. तोटा एका लेव्हलचा.

तिसऱ्या लेव्हलला बदल केला तर ४,००० अधिक चौथीचे १०,००० मिळून १४,०००. जोडीदार तेव्हा चौथीत. नवव्या लेव्हलला केला तर २,५०,००० अधिक दहावीचे २,५०,००० मिळून ५,००,०००. जोडीदार नेमका दहावीत. उलट दिशेने, पाचव्या लेव्हलच्या जादूगाराने लढवय्या व्हायचे ठरवले तर २०,००० अधिक ३२,००० मिळून ५२,०००. बदल न केलेला जादूगार तेव्हा सहावीत. या चारही हिशेबांत तोटा एकाच लेव्हलचा निघतो. याचे कारण तक्त्यांच्या रचनेत आहे. पुढची पायरी बहुधा मागच्या पायरीच्या सुमारे दुप्पट महाग असल्यामुळे खालच्या पायऱ्या वरच्यांच्या मानाने जवळजवळ फुकट पडतात. एल्फची तुलनाही इथे बोलकी आहे. सुरुवातीपासून लढवय्या आणि जादूगार असे दोन्ही पेशे धरणारा एल्फ एक्सपी निम्मा-निम्मा वाटून घेतो. ५६,००० वर त्याचे दोन वाटे २८,००० चे, म्हणजे दोन्हीकडे पाचवी लेव्हल. मानवाने मध्येच पेशा बदलून पाचवी आणि सहावी मिळवलेली असते. शेवटचा ताळेबंद जवळपास सारखा, फक्त तिथवर जाण्याचा रस्ता निराळा.

मग नियमाची खरी किंमत कोणती? ती एक्सपीत नाही, असुरक्षिततेत आहे. जुनी ताकद असूनही ती वापरायची नाही असा एक काळ पात्राला काढावा लागतो, आणि त्या काळात त्याच्या हाती नवी, कच्ची विद्या असते. नियमाचा प्राण या काळात आहे. तो काढला तर उरतो तो फक्त खरेदीचा व्यवहार.

शमीच्या झाडावरची शस्त्रे

या काळाला आपल्याकडे फार जुने नाव आहे. पांडवांनी बारा वर्षे वनवास आणि तेरावे वर्ष अज्ञातवास कबूल केला, आणि अट अशी होती की अज्ञातवासात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षे वनवास. अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नृत्य शिकवू लागला, गांडीव शमीच्या झाडावर गेले. तो धनुर्विद्या विसरला नव्हता. ती वापरली तर काय गमवावे लागेल हे माहीत असल्यामुळे तो ती वापरत नव्हता. १९७८ चा नियम नेमके हेच सांगतो: कौशल्य तुझ्याकडेच आहे, पण मुदत पुरी होण्याआधी हात लावलास तर मिळवलेले जाईल. आणि अर्जुनाने शस्त्रे काढली ती कौरवांनी गाई पळवल्या तेव्हा, मुदत पुरी झाल्यावर. मुदत खरोखर पुरी झाली का यावर दुर्योधनाने वाद घातला आणि भीष्माने अधिक मास मोजून निवाडा दिला. नियमाच्या अर्थावरून वाद आणि मोजमाप करून निवाडा, हे प्रत्येक डीएमच्या ओळखीचे दृश्य आहे.

"तलवार चालवता येणारा माणूस ती चालवायची विसरेल कशी? हा नियम वास्तवाला धरून नाही," हा या नियमावरचा सर्वांत जुना आक्षेप. अज्ञातवासाच्या नजरेने पाहिले की तो गळून पडतो. नियम विसरायला सांगतच नाही. नवी विद्या अंगी मुरायची असेल तर संकटात जुन्याकडे धावू नये, एवढेच तो सांगतो. जो प्रत्येक वेळी तलवारच उपसतो त्याला मंत्राचा सराव कधी होणार? म्हणून त्या चकमकीचा एक्सपी त्याला मिळत नाही, कारण त्या चकमकीत तो नवे काही शिकलाच नाही. भीमानेही कीचकाला मारताना जुनी ताकद वापरलीच. पण ती रात्री, गुपचूप, आणि ओळख उघड होण्याची जोखीम पत्करून. मुदत मोडणे शक्य असावे, फक्त फुकट नसावे.

शिक्षा १९७८ आणि १९८९ च्या पुस्तकांत वेगळी आहे आणि इथे निवड करावी लागते. माझे मत दुसऱ्या आवृत्तीच्या बाजूने आहे. पहिल्या आवृत्तीप्रमाणे पूर्ण मोहिमेचा एक्सपी गेला तर दुपारी तीन वाजता एकदा तलवार उपसलेल्या खेळाडूला संध्याकाळपर्यंत गमावण्यासारखे काहीच उरत नाही. मग तो दिवसभर तलवारच चालवतो, म्हणजे जे टाळायचे तेच शिक्षेमुळे घडते. दुसऱ्या आवृत्तीत निम्मा वाटा पहिल्या चुकीत जातो, पण पुढच्या प्रत्येक चकमकीत नव्याने निवड उरते: हात आवरला तर काही तरी मिळेल. शिक्षा कितीही कडक असू द्या, ती पुढच्या क्षणी शहाणपणाने वागायला जागा ठेवते का, हे पाहा. आणि ती सगळ्यांना आधी माहीत असू द्या. परशुरामाच्या शापाने कर्णाची विद्या ऐन वेळी आटली, ती गोष्ट म्हणून हृदयद्रावक आहे. पण टेबलावर खेळाडूवर तसा लपलेला शाप टाकणे म्हणजे त्याच्या हातून निर्णय काढून घेणे.

दिल्लीने पाहिलेले पेशाबदल

तुमचा खेळ दिल्लीतच घडवायचा असेल, आणि तसा घडवावाच, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे हाताशी आहेत. त्या काळात इथे पेशे जितके बदलले तितके क्वचितच कुठे बदलले असतील. जेम्स स्किनर (१७७८–१८४१) आधी शिंद्यांच्या कवायती फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा इंग्रजी रक्ताचा म्हणून त्याला तिथून बाहेर पडावे लागले आणि तो कंपनीकडे गेला, पण आपल्या जुन्या धन्याविरुद्ध, म्हणजे शिंद्यांविरुद्ध, लढणार नाही अशी अट घालून. जुन्या पेशाचे हत्यार हाती असूनही ते एका दिशेला न चालवण्याची कबुली, असे त्या अटीचे रूप आहे. पुढे तोच स्किनर फारसी ग्रंथांचा कर्ता झाला. त्याचा तश्रीह-उल-अक्वाम १८२५ चा. काश्मिरी गेटचे सेंट जेम्स चर्च त्यानेच बांधले आणि ते १८३६ मध्ये खुले झाले. मेरठजवळच्या सरधन्याची बेगम समरू ही दिल्लीची नर्तकी होती असे सांगतात. नवऱ्यामागे, १७७८ नंतर, ती कवायती पलटणींची मालकीण झाली. चांदनी चौकातला तिचा वाडा आज भागीरथ पॅलेस या नावाने विजेच्या सामानाची बाजारपेठ म्हणून गजबजलेला असतो.

या दोघांच्या तुलनेत महादजी शिंदे वेगळे उदाहरण आहे. पानिपतावर १७६१ मध्ये पायाला झालेली जखम आयुष्यभर बाळगत त्यांनी १७८४ मध्ये दिल्ली दरबारात वकील-ए-मुतलक हे पद मिळवले, आणि भक्तिपर पदेही रचली. त्यांनी एक सोडून दुसरे धरले नाही. दोन्ही बरोबर वाढवले. खेळाच्या भाषेत हे एल्फच्या पद्धतीचे, एक्सपी वाटून घेणारे पात्र. म्हणून खेळाडूला पहिला प्रश्न हा विचारा: तुझे पात्र महादजी आहे की स्किनर? पहिले असेल तर एक्सपी वाटून दोन्ही पेशे चालवू द्या, मानव असला तरी. दुसरे असेल तरच अज्ञातवास लागू करा. मानवाला एक रस्ता आणि बाकीच्यांना दुसरा, ही जन्मावरची वाटणी इथेच संपते.

गुरू कुठे ठेवायचा यासाठीही हे शहर उदार आहे. जंतर-मंतर १७२४ च्या सुमारास सवाई जयसिंगाने ग्रहतारे मोजण्यासाठी उभारले, पण नावातच जादू आहे. होतकरू जादूगाराचा गुरू तिथे रात्री आकडेमोड करत बसलेला शोभेल. फिरोजशाह कोटल्यात आजही लोक गुरुवारी जिन्नांना अर्ज लिहून ठेवतात. क्लेरिक होऊ पाहणाऱ्याची पहिली परीक्षा तिथे घ्या. अजमेरी गेटचा गाजिउद्दीनचा मदरसा ग्रंथ आणि उस्ताद दोन्ही पुरवील. आणि १८०३ च्या पटपडगंजच्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभे आहे. शिंद्यांची फौज जिथे हरली त्या रानात एखाद्या लढवय्याने तलवार झाडावर टांगून वाट बदलणे याहून चांगली सुरुवात कोणती?

उरलेले आक्षेप

आता तिसऱ्या आवृत्तीचे चाहते विचारतील की एवढा त्रास कशाला, सरळ हवी ती लेव्हल हव्या त्या पेशात घेऊ द्या. त्या आवृत्तीत ते चालते, कारण तिथला तक्ता निराळा आहे. नववीतून दहावीत जायला ९,००० एक्सपी लागतो, मग ती लेव्हल कोणत्याही पेशाची असो. जुन्या तक्त्यात नवव्या लेव्हलच्या लढवय्याला पुढची लेव्हल २,५०,००० ला पडते आणि जादूगाराची दुसरी लेव्हल २,५०० ला, शंभरावा भाग. तिथे मोकळीक दिली तर प्रत्येक जण चिल्लर खर्चून चार-चार पेशांच्या खालच्या पायऱ्या गोळा करील. नवा नियम जुन्या तक्त्यावर बसवणे म्हणजे मेट्रोच्या रुळांवर टांगा चालवणे. जुन्या पेशात परत जायचे नाही ही अटही याच कारणासाठी ठेवा, आणि साधारणपणे एका पात्राला एकच बदल द्या. १९७८ च्या पुस्तकात बार्ड होण्यासाठी आधी लढवय्या, मग चोर आणि मग ड्रुइड अशी तीन टप्प्यांची वाट होती. तसे काही करायचे असेल तर ते अपवाद म्हणून, आधी ठरवून करा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पाचव्या लेव्हलच्या मंडळींत पहिल्या लेव्हलचा जादूगार गेला तर तो मरेल, किंवा त्याचा खेळाडू कंटाळेल. मरणाचे आधी पाहू. पाचव्या लेव्हलच्या लढवय्याचे हिट पॉइंट सरासरी २७ च्या घरात असतात आणि ते बदलानंतरही राहतात. सामान्य नवशिक्या जादूगाराकडे सरासरी दोन-तीन असतात. म्हणजे हा नवशिका मार खाऊ शकतो, फक्त मारू शकत नाही. उलट दिशेने, जादूगाराने लढवय्या व्हायचे ठरवले, तर पाच लहान फाशांचे बारा-तेराच पॉइंट असतात आणि त्याला आघाडीवर उभे राहायचे असते. त्याला एखादा भाडोत्री ढालकरी मिळवून द्या. कंटाळ्याचे उत्तर तक्त्यातच आहे. मंडळींना पाचवीतून सहावीत जायला १६,००० लागतात. तेवढ्यात नवा जादूगार चौथीत पोहोचलेला असतो. पहिल्या पायऱ्या तो झपाझप चढतो, जवळपास दर बैठकीला काही तरी नवे हाती येते. एका मोहिमेत एकाहून जास्त लेव्हल चढायची नाही असा नियम तुमच्या पुस्तकात असेल तर अज्ञातवासापुरता तो बाजूला ठेवा.

तिसरा आक्षेप सोबत्यांचा: एकाच्या हौसेसाठी बाकीच्यांनी ओझे का वाहावे? हे ओझे खरे आहे आणि ते लपवू नये. पण ते किती काळ, हेही मोजता येते. वरच्या सगळ्या हिशेबांत अज्ञातवास सोबत्यांच्या एक ते दोन लेव्हलांएवढा टिकतो. तुमच्या टेबलावर एका लेव्हलला पाच बैठका लागत असतील तर तो पाच ते दहा बैठकांचा. एनसीआरमध्ये द्वारका ते नोएडा अंतर कापून लोक एकत्र येतात. बैठक दर दुसऱ्या रविवारी जमत असेल तर हा काळ अडीच ते पाच महिने होतो. म्हणून बदलाचा निर्णय एकट्या खेळाडूचा नव्हे, टेबलाचा. एकाच वेळी दोघांचा अज्ञातवास नको, आणि मोठ्या स्वारीच्या तोंडावर तर नकोच. गट अनियमित भेटत असेल तर बदल तिसऱ्या-चौथ्या लेव्हलपर्यंत उरकून घ्या. तिथे १०,००० ते २०,००० चे काम असते, नवव्या लेव्हलला ते २,५०,००० चे होते.

टेबलावर उतरवताना

प्रत्यक्षात करायचे ते फार नाही, पण क्रमाने करा. खेळाडूने बदलाची इच्छा निदान दोन बैठका आधी बोलून दाखवावी, म्हणजे गुरू आणि त्याचे काम मोहिमेत विणता येईल. गुरूने मागितलेले काम जुन्या पेशाच्या बळावर पार पडावे, म्हणजे निरोप देताना जुन्या पेशाची शेवटची लढाई होते. मग शमी ठरवा: जुनी हत्यारे कुठे ठेवली, कुणाच्या हवाली केली, ती परत आणायला किती वाट तुडवावी लागेल. चिलखत अंगावर ठेवून "मी फक्त वापरणार नाही" असे म्हणणे पुरेसे नाही. वस्तू दूर गेली की मोह मोजता येतो. पात्राच्या कागदावर जुन्या पेशाची लेव्हल एका कोपऱ्यात चौकटीत लिहा आणि तिच्या पुढची लेव्हल हीच मुदत, हे सगळ्यांना दाखवा. जुने कौशल्य म्हणजे नेमके काय, याची यादी त्याच दिवशी करा. जखम झालेल्या सोबत्याला खांद्यावर उचलणे हे लढवय्याचे कौशल्य नाही, दुहाती तलवारीचा वार आहे. वाद झालाच तर भीष्मासारखा मोजून निवाडा द्या आणि तो लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट मुदत संपण्याची. अनेक टेबलांवर हा क्षण एक्सपी मोजताना, पेन्सिलीच्या एका फराट्यात निघून जातो. तसे होऊ देऊ नका. दसऱ्याला आपण शमीची पूजा करतो ती याच क्षणाच्या आठवणीसाठी. नवी लेव्हल वर गेली की पात्राला त्या झाडापर्यंत परत जाऊ द्या. तिथे हत्यारे तशीच आहेत का, गंजली आहेत का, कुणी नेली आहेत का, ते त्या बैठकीत ठरू द्या. मग मंत्र म्हणणाऱ्या हाताने तलवार पुन्हा उचलली जाईल तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असेल की हे पात्र कुठून कुठे आले आणि मधले महिने त्याने हात कसा आवरला होता.